मांडवाबाहेरचा फळा : पुण्यातील गणेश मंडळांना एक खुले पत्र

प्रति,
पुण्यातील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, उत्सवप्रमुख, खजिनदार आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची उदगीरची. मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय असून त्याच कामासाठी २०११ मध्ये मी पुण्यात आले आणि पुढे आठ वर्षे नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले. या शहरात आज माझी जी काही माणसे आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक मला गणपतीच्या दहा दिवसांत भेटली. म्हणून हे पत्र तक्रारीचे नाही. त्यात एक तक्रार आहे, पण ती मागणीच्या पोटात आहे. मागणी अशी की, बाहेरगावाहून पुण्यात राहायला आलेल्या माणसाला केवळ दर्शनाच्या रांगेतून पुढे सरकवू नका. त्याच्या हाती एखादे काम द्या.

माझ्या पहिल्या वर्षी एका मंडळाची मुले वर्गणीला आली होती. मी एकशे एक रुपये दिले. त्यांनी पावती फाडली ती घरमालकांच्या नावाने, आणि पुढे कंसात लिहिले, ‘भाडेकरू, मागची खोली’. माझे नाव त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. ती पावती मी बरीच वर्षे एका पुस्तकात जपून ठेवली होती, कारण तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मजकूर खराच होता. मी भाडेकरू होते आणि खोली मागचीच होती. त्या वर्षी मी मानाच्या पाचही गणपतींचे दर्शन घेतले, दगडूशेठ पाहिला, मंडईची शारदा पाहिली, रात्री दीड वाजेपर्यंत देखावे बघत पायांचे तुकडे पाडून घेतले आणि दहा दिवसांत एकाही पुणेकराशी चार वाक्ये बोलले नाही. तेव्हा मला वाटले, पुणेकरांविषयी गावाकडे जे सांगतात ते खरेच असावे.

दुसऱ्या वर्षी कामावरून येताना आमच्याच बोळाच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा मंडळाचा फळा मी वाचला. आरतीची वेळ लिहिली होती आणि ‘सायंकाळी’ऐवजी ‘सांयकाळी’ असे लिहिलेले होते. माझ्या व्यवसायातल्या माणसाला अशा वेळी पुढे चालणे अवघड जाते. मांडवात लेंगा आणि बनियन घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ माळा लावत बसले होते. मी म्हटले, “काका, अनुस्वार ‘सा’वर नाही हो. तो ‘य’वर असतो.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, उठले, कोनाड्यातला खडू काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “मग आता दहा दिवस तुम्हीच लिहा.”

बाहेरगावच्या वाचकाला यात खोचकपणा दिसेल. तो होताच. पण ती माझी नेमणूकही होती.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी साडेसहाला मी फळ्यापाशी असे आणि फळा लिहिणाऱ्या माणसाशी अख्खी गल्ली बोलते, हे मला तिथे कळले. कोणी येऊन विचारी, महाप्रसाद अकराला की बाराला. कोणी आपल्या नातवाचे नाव चित्रकला स्पर्धेच्या निकालात ठळक लिहायला सांगे. रांगोळी स्पर्धा दुपारी तीन वाजता, असे मी लिहिले, तर समोरच्या वाड्यातल्या आजी खिडकीतूनच ओरडल्या, “अगं, तीनला कोण उठतं?” पुसून पाच केले. त्याच आजींनी मला ज्वारी ताजी दळून देणारी गिरणी दाखवली, रविवारीही दवाखाना उघडा ठेवणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला, आणि माझ्या डब्यातल्या भाकरीचा एक तुकडा खाऊन, “तुमच्याकडची भाकरी पातळ असते, आवडली,” असे प्रमाणपत्रही दिले. पाचव्या दिवशी खिरापतीसाठी नारळ खवण्याचे काम आले, सातव्या दिवशी निर्माल्य वेगळे करण्याचे, आणि विसर्जनाच्या रात्री हातगाडीला धरून मी इतर आठ-दहा जणांबरोबर नदीकडे चालत होते. पुढच्या वर्षी पावती माझ्या नावाने आली. तीत माझ्या आडनावाचा ऱ्हस्व उकार दीर्घ झाला होता, पण मी काही बोलले नाही.

हा सगळा प्रपंच सांगण्याचे कारण असे की, पहिल्या वर्षी मी अधिक मोठे, अधिक सुंदर आणि अधिक प्रसिद्ध गणपती पाहिले होते आणि मला कोणी भेटले नव्हते. दुसऱ्या वर्षी मी बहुतेक वेळ एकाच मांडवात होते, जिथे देखावा म्हणून थर्माकोलचा एक डोंगर आणि त्यावरून पडणारे पाणी एवढेच होते, आणि मला गाव मिळाले. फरक मूर्तीत नव्हता, माणसांतही नव्हता. माझ्या हातात खडू होता, एवढाच तो फरक होता.

आपल्याला इतिहास सांगण्याची गरज नाही. १८९३ साली लोकमान्यांनी या उत्सवाच्या सार्वजनिक रूपामागे आपले बळ उभे केले, त्यावर पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर तासभर बोलणारी माणसे सापडतील, आणि पहिला गणपती कोणाचा यावर तर दोन तास. मी फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधते. त्या काळच्या उत्सवाचा प्राण मेळ्यांत होता. आळीतली मुले पदे बसवायची, तालमी करायची आणि गावभर फिरून म्हणायची. ऐकणारा आज श्रोता असला तरी उद्या त्याचाच भाऊ किंवा मुलगा मेळ्यात उभा असायचा. मानाच्या पाचांतला तिसरा गणपती, गुरुजी तालमीचा, हिंदू आणि मुसलमान कुटुंबांनी मिळून बसवला, हेही आपण अभिमानाने सांगतो. या दोन्ही गोष्टींतला धागा एकच आहे. लोक उत्सव बघायला आले आणि मग एकत्र झाले असे तिथे घडले नाही. काही करायला म्हणून ते एकत्र आले, आणि त्यातून उत्सव झाला.

आज उलटे होत चालले आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याचा आनंद आहेच. पण तेव्हापासून पर्यटन, रोषणाई, थेट प्रक्षेपण, वाढती गर्दी यांविषयी जितके बोलले जाते, तितके येणाऱ्या माणसाचे इथे कोणाशी बोलणे होते का, याविषयी बोलले जात नाही. गर्दी सांभाळणे हे मोठे काम आहे, हे मला मान्य आहे. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकापर्यंत जाणारी मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते, तेव्हा रात्रभर दोरी धरून उभा राहणारा कार्यकर्ता काय सोसतो, ते मी जवळून पाहिले आहे. परंतु गर्दी सांभाळण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की, मांडवात दोनच माणसे उभी असली तरी “चला, पुढे चला” हेच वाक्य तोंडून निघते.

आणि आवाज. ध्वनिक्षेपकाची भिंत आरोग्याला कशी घातक आहे, ते डॉक्टर मंडळी आपल्याला दरवर्षी सांगतात. रात्री दहाची मर्यादा आणि मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंतची सवलत यांवर पोलीस बोलतात. माझा मुद्दा त्याहून साधा आहे. त्या भिंतीसमोर दोन माणसांना एकमेकांचे नाव विचारता येत नाही. ‘आपण कुठले?’ हा प्रश्न मी एकदा तीन वेळा ओरडून विचारला आणि समोरच्या मुलीने मला पाण्याची बाटली दिली.

आता आपल्या मांडवापासून शंभर पावलांवर कोण राहते, याचा विचार करावा. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतले जुने रहिवासी एकेक करून कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, औंधला गेले. त्यांच्या खोल्यांत आता ‘कॉट बेसिस’वर राहणारी मुले आहेत. बीड, नांदेड, यवतमाळ, नंदुरबार अशा ठिकाणांहून ती स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी येतात, दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत बसतात, मेसमध्ये जेवतात आणि तीन-तीन, चार-चार वर्षे आपल्या गल्लीत काढूनही गल्लीला परकी राहतात. त्यांच्या लेखी गणेशोत्सव म्हणजे अभ्यास न होणारे दहा दिवस. आपल्या लेखी ती मुले म्हणजे दुचाक्या आडव्या लावणारी मंडळी. गावाकडे मात्र यांतल्या कित्येकांनी ‘एक गाव एक गणपती’साठी रात्ररात्र जागून काम केलेले असते. मांडवाची कनात कशी बांधायची, दोनशे माणसांचा भात एका वेळी कसा शिजवायचा, ते त्यांना येते. त्यांना कोणी विचारलेले नसते, एवढेच.

त्यांच्यापलीकडे आणखी माणसे आहेत. रविवार पेठेच्या बाजूला सोन्याच्या कामातले बंगाली कारागीर आहेत, ज्यांना मांडव, मूर्ती आणि विसर्जन यांचे आपल्याइतकेच वेड असते. त्यांचा उत्सव आपल्यानंतर महिनाभरात येतो. रुग्णालयांतून काम करणाऱ्या मल्याळी परिचारिका आहेत. हिंजवडीला जाणाऱ्या बसची वाट बघत सकाळी आपल्या मांडवासमोर उभे राहणारे तरुण-तरुणी देशाच्या चारी दिशांचे आहेत. त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम करा, असे मी म्हणत नाही. वेगळा कार्यक्रम केला की पुन्हा तेच होते : ते खुर्चीवर, आपण व्यासपीठावर, शाल-श्रीफळ आणि समूहछायाचित्र.

हे आपल्याला जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही, कारण वर्षातून दोन दिवस आपण ते करून दाखवता. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, त्या दोन दिवसांत मांडवातले हेच कार्यकर्ते वारकऱ्यांचे पाय चेपतात, त्यांना चहा-नाश्ता देतात, चपला शिवून देणाऱ्यांना आणि दाढी करून देणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला बसायला जागा करून देतात. तिथे कोणी कोणाचे गाव विचारल्याशिवाय राहत नाही. परभणीच्या एका म्हातारीला भवानी पेठेतल्या एका कार्यकर्त्याने दरवर्षी येणारी म्हणून नावाने हाक मारलेली मी ऐकली आहे. तिसऱ्या दिवशी पालख्या पुढे जातात, आणि त्याच परभणीचा, त्याच कार्यकर्त्याच्या जिन्याखाली राहणारा मुलगा मात्र ‘तो जिन्याखालचा पोरगा’च राहतो. चालत्या माणसाची सेवा आपल्याला जमते. जो राहायला आला आहे, त्याचे काय करायचे ते सुचत नाही.

एक दार मात्र खरोखर उघडे आहे, ते ढोल-ताशा पथकांचे, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पावसाळ्यात नदीपात्राच्या कडेने चालत गेले की पथकांचे सराव ऐकू येतात. तिथे नाव नोंदवायला पुणेकर असावे लागत नाही. नवख्याला पहिले काही दिवस ढोल मिळतही नाही. तो दोऱ्या ताणतो, ढोल वाहतो, हातात टिपरू धरून हवेत पहिला हात घोटवतो, कोणाचे तरी पाणी भरून आणतो. मग ढोल कमरेला बांधला जातो, ठेका चुकतो, शेजारचा कोपराने खूण करतो. महिन्या-दीड महिन्यात अकोल्याची मुलगी आणि शुक्रवार पेठेतला मुलगा एका टोलावर एकत्र थांबायला शिकतात. मुलींची संख्या तर इतकी असते की, ज्या मंडळांपुढे ही पथके वाजतात, त्यांच्या कार्यकारिणीत मुली का दिसत नाहीत, असा प्रश्न पडावा. (तो प्रश्न मी इथे कंसात ठेवते, पण ठेवते.) मी स्वतः कधी ढोल वाजवला नाही. माझी मनगटे लाल पेनाच्या पलीकडे काही उचलण्याच्या लायकीची नाहीत. म्हणूनच मला वाटते की, ज्याला ढोल पेलत नाही त्याच्यासाठीही एखादे दार हवे.

कोणी म्हणेल, पुण्यात माणसे भेटायला गणपतीच कशाला हवा? पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आहे. दोन्ही मला प्रिय आहेत. सवाईत भारतीय बैठकीवर शेजारच्याची सतरंजी आपल्या गुडघ्याखाली येते आणि त्यातून ओळख होतेही. पण तिथे आपण ऐकायला गेलेलो असतो आणि शेजाऱ्याने न बोलणे हीच तिथली सभ्यता आहे. मांडवाचे तसे नाही. मांडवात शंभर फुटकळ कामे असतात, आणि फुटकळ कामाइतके दोन अनोळखी माणसांना जवळ आणणारे दुसरे काही मी पाहिलेले नाही.

आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. अनोळखी माणसाला मूर्तीजवळ, दागिन्यांजवळ, दानपेटीजवळ येऊ देता येत नाही. पोलिसांना कार्यकर्त्यांची यादी द्यावी लागते. काही उणे-अधिक घडले तर उत्तर अध्यक्षांना द्यावे लागते. हे सगळे खरे आहे, आणि म्हणून मी संध्याकाळचे काम मागतच नाही. सकाळी सात ते दहा या वेळात बहुतेक मांडव रिकामे असतात. रात्रपाळीला झोपलेले दोघे-तिघे कार्यकर्ते डोळे चोळत चहाची वाट बघत असतात. झाडलोट, सडा, रांगोळी, निर्माल्य, हार ओवणे, दुर्वा निवडणे, फळा पुसून लिहिणे ही सगळी कामे तेव्हाची, आणि ती करणारी माणसे आपल्यालाही कमी पडू लागली आहेत, हे आपण बैठकीत मान्य करता. कोथरूडला गेलेले जुने कार्यकर्ते संध्याकाळच्या आरतीला हौसेने येतात, सकाळच्या केराला येत नाहीत. यात त्यांचा दोष नाही. अंतर आहे, नोकरी आहे. पण केर पडतोच.

वर्गणीला जाल तेव्हा मागच्या खोलीतही जा, पाच रुपये आले तरी पावतीवर त्या माणसाचे नाव लिहा, आणि पावती हातात देताना एवढेच विचारा की, सकाळी अर्धा तास येता का. मुलींच्या वसतिगृहांची दारे बहुतेक ठिकाणी रात्री नऊ-दहाला बंद होतात आणि आपले देखावे आठनंतर रंगात येतात, तेव्हा दहा दिवसांतली निदान एक आरती सातला आणि त्या मुलींच्या हातून होऊ द्या. त्यांना आरती पाठ नसेल, चाल वेगळी लागेल. आमच्याकडे शेवटच्या कडव्याला जी घाई करतात ती इथे नाही, आणि इथे मंत्रपुष्पांजली ज्या ठसक्यात म्हणतात ती आमच्याकडे नाही. चालायचेच. दुसऱ्या धर्माचा माणूस आला तर त्याच्यापुढे ताट धरू नका आणि त्याला बाहेरही ठेवू नका. पाण्याच्या पिंपाशी उभे राहायला कोणाच्याही धर्माची आडकाठी नसते. मराठी न येणाऱ्याशी लगेच हिंदीत शिरू नका. झाडू, नारळ, दोरी, जरा धर, सोड, झाले, एवढ्या मराठीत सकाळचे सगळे काम होते, आणि नवी भाषा शिकायला याहून बरी शाळा कुठली, ते मला माहीत नाही. आरतीनंतर ध्वनिक्षेपक अर्धा तास बंद ठेवा. खिरापत खाताना माणसे बोलतात, पण त्यांना एकमेकांचे ऐकू आले पाहिजे.

यातले काहीही करायला ठराव लागत नाही, प्रायोजक लागत नाही, परवानगी लागत नाही. मोठ्या मंडळांना हे कदाचित अवघड जाईल. त्यांच्यापुढची गर्दी वेगळी आहे आणि त्यांच्याकडून माझी फारशी अपेक्षाही नाही. हे पत्र मुख्यतः बोळाच्या तोंडाशी थर्माकोलचा डोंगर करणाऱ्या मंडळांसाठी आहे.

ज्यांनी माझ्या हातात खडू दिला ते काका आता नाहीत. मांडव आहे, फळाही तोच आहे. मी दुसऱ्या उपनगरात राहते आणि वर्षातून एकदा तो वाचायला जाते. गेल्या खेपेस त्यावर आरतीच्या दोन वेळा, महाप्रसादाची तारीख आणि देणगीदारांची नावे होती. खाली वीतभर जागा रिकामी होती. यंदा त्या जागेत एक ओळ लिहावी, अशी विनंती आहे : ‘उद्या सकाळी ७ वाजता निर्माल्य वेगळे करण्यासाठी चार माणसे हवीत. कोणीही यावे. चहा मिळेल.’

लिहिणाऱ्याने शुद्धलेखनाची काळजी केली नाही तरी चालेल. चूक दिसली की कोणीतरी थांबेलच.

आपली नम्र,
नारायण पेठेतील एक माजी भाडेकरू, मागची खोली